बहात्तरपैकी तिघांनी लाल दाखवलं

प्रश्न : मी आकुर्डीत राहतो, वय ६६. ऑटो पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला होतो. आयुष्यभर इनवर्डला आलेला माल तपासला. आता आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचं पत्रक घरच्या कंप्युटरवर मीच टाइप करतो. त्यासाठी एक वळणदार मराठी फाँट हवा होता, म्हणून नेटवर शोधून त्याची सेटअप फाइल उतरवली. उघडण्याआधी अँटिव्हायरसनं स्कॅन केली, काही सापडलं नाही. नातीनं तीच फाइल व्हायरसटोटल नावाच्या साइटवर टाकली, तर बहात्तरपैकी तिघांनी लाल दाखवलं आणि बाकी सगळे हिरवे. नात म्हणते, आजोबा उघडू नका. शेजारचा मुलगा म्हणतो, तिघांनी काय होतंय. आमच्याकडे माल एक तर पास, नाही तर रिजेक्ट. इथे हे तिघं कोण, आणि बाकीचे एकोणसत्तर काय झोपले होते? घरच्या घरी फाइल खात्रीनं तपासता येते की नाही?

उत्तर : काका, तुम्ही फाइल अजून उघडलेली नाही, हे फार चांगलं केलंत. उतरवलेली फाइल फोल्डरमध्ये नुसती पडून असते, तोवर ती जवळजवळ काहीच करत नाही. तिच्यावर डबल क्लिक केलं की तिच्यातल्या आज्ञा चालू लागतात. म्हणजे माल गेटच्या आत आलाय, पण लाइनवर गेलेला नाही. तपासायला तुमच्या हातात हवा तेवढा वेळ आहे. पुष्कळ लोक हाच वेळ वाया घालवतात. फाइल उघडायची, काही विचित्र झालं की मग स्कॅन मारायचा, असा उलटा क्रम घरोघरी चालतो.

आता अँटिव्हायरस नेमकं काय तपासतो ते पाहू. तुम्ही भोकाच्या मापासाठी गो-नोगो प्लग गेज वापरला असेलच. गो बाजू गेली आणि नोगो अडली म्हणजे भोकाचा व्यास बरोबर. पण आत हेअर क्रॅक आहे का, धातू ठरलेल्या ग्रेडचा आहे का, हे तो सांगत नाही, आणि त्यानं सांगावं अशी तुमची अपेक्षाही नसते. 'काही सापडलं नाही' या उत्तराचा अर्थ इतकाच, की मला ओळखू येणारा दोष यात नाही. लोक त्याचा अर्थ 'फाइल निर्दोष आहे' असा लावतात, आणि फसगत तिथूनच सुरू होते.

हे ओळखणं कसं चालतं, त्याची एक गोष्ट पुण्यातलीच आहे. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले. पुढे त्यांनी पुण्यात स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं. तिथे येणाऱ्या कित्येक कंप्युटरांचा एकही पार्ट गेलेला नसायचा, फ्लॉपीतून आलेल्या व्हायरसनं ते बंद पडलेले असायचे. धाकटे भाऊ संजय तेव्हा कंप्युटर शिकत होते. समोर आलेला व्हायरस काढण्यापुरती छोटी छोटी साधनं ते लिहू लागले. त्यांतूनच नव्वदच्या दशकाच्या मध्यावर क्विक हील हा अँटिव्हायरस उभा राहिला. त्या काळचा एक प्रसिद्ध व्हायरस म्हणजे मायकेलअँजेलो. वर्षभर तो गुपचूप बसायचा आणि ६ मार्चला, म्हणजे त्याच नावाच्या चित्रकाराच्या जन्मदिवशी, डिस्कवरची माहिती पुसून टाकायचा. असा व्हायरस पकडायचा तर त्याच्या आज्ञांमधला एखादा खास तुकडा टिपून ठेवायचा आणि प्रत्येक फ्लॉपीवर तो सापडतो का ते बघायचं. त्या तुकड्याला सिग्नेचर म्हणतात. पोलिस ठाण्यातल्या बोटांच्या ठशांसारखंच हे काम. ज्याचे ठसे नोंदवहीत आहेत, तोच सापडतो.

आजचे अँटिव्हायरस याच्या बरेच पुढे गेलेत. ते फाइलची वागणूक जोखतात, तिला एका बंद जागेत थोडं चालवून बघतात, ही फाइल जगात आणखी किती जणांकडे आहे हे कंपनीच्या सर्व्हरला विचारतात. पण यातला पुष्कळसा भाग अंदाजाचा आहे. प्रत्येक कंपनीचा अंदाज वेगळा, म्हणून बहात्तर जणांची उत्तरं एकसारखी येत नाहीत.

व्हायरसटोटल २००४ मध्ये स्पेनमधल्या मालागा शहरात सुरू झालं, २०१२ मध्ये गूगलनं ते घेतलं. तिथे एकच फाइल सत्तरेक कंपन्यांच्या इंजिनांपुढे एकदम ठेवली जाते. तुम्ही म्हणता त्या तिघांकडे बघण्याआधी त्याच पानावरच्या डिटेल्स या भागात जा आणि ही फाइल तिथे पहिल्यांदा कधी आली, ती तारीख शोधा. मला विचाराल तर त्या सगळ्या पानावर सर्वांत बोलकी गोष्ट हीच. फाइल चार वर्षांपूर्वीची आहे, इतक्या काळात असंख्य लोकांनी ती वापरली आणि तरी लाल दाखवणारे तिघंच आहेत, तर त्या तिघांचा गैरसमज झाला असण्याची शक्यता मोठी. पण फाइल कालच पहिल्यांदा दिसली असेल, तर तेच तिघं सर्वांच्या आधी जागे झालेले असू शकतात. अशी फाइल दोन दिवसांनी पुन्हा तपासा. तिघांचे पंचवीस झालेले दिसतील, किंवा शून्य. चोर रोज नवा माल काढतात आणि त्यातल्या कित्येक फाइली पहिल्या काही तासांत सगळीकडे हिरव्या असतात. तुमचे एकोणसत्तर झोपलेले नव्हते. या पाहुण्याचे ठसे त्यांच्याकडे अजून पोचलेले नसतील, एवढंच.

मग त्या तिघांनी दोषाला काय नाव दिलंय ते वाचा. नावात 'जेनेरिक' किंवा 'ह्युरिस्टिक' असेल, तर तो अंदाज समजा. व्हायरसच्या विशिष्ट कुळाचं नाव असेल आणि दोघातिघांचं त्यावर एकमत असेल, तर तो साक्षीदारानं नाव घेऊन दिलेला जबाब आहे. मात्र यात एक मेख आहे. काही उत्पादनांच्या आत रुमानियातल्या बिटडिफेंडर कंपनीचंच इंजिन बसवलेलं असतं. अशा चार उत्पादनांनी एकाच नावानं लाल दाखवलं, तर ती चार मतं धरू नका. एकाच इन्स्पेक्टरनं चार कागदांवर सही केलीय असं समजा.

इथे एक कळकळीची सूचना. व्हायरसटोटलवर टाकलेली फाइल सुरक्षा कंपन्यांना आणि तिथल्या पैसे भरणाऱ्या सदस्यांना मिळू शकते. फाँटचा सेटअप टाकलात तर बिघडत नाही. पण बँकेचं स्टेटमेंट, आधारची प्रत, डॉक्टरांचा रिपोर्ट, गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग तिथे कधीही टाकू नका. नातीलाही हे आवर्जून सांगा.

फाइल न टाकताही तिथे विचारता येतं. त्यासाठी हॅश लागतो. सॉफ्टवेअरच्या अधिकृत पानावर डाउनलोडच्या बटणाखाली अक्षरं आणि आकडे मिसळलेली एक लांबच लांब ओळ पुष्कळदा असते, तीच ही. एसएचए-२५६ पद्धतीनं काढलेला हॅश ६४ चिन्हांचा असतो. पोलादाच्या बारवर हीट नंबर ठोकलेला असतो आणि तो टेस्ट सर्टिफिकेटवरच्या नंबरशी जुळवून बघतात, तसाच याचा उपयोग. फरक एकच, पण मोठा. हीट नंबर कुणीही कुठल्याही बारवर ठोकू शकतो. हॅश मात्र फाइलच्या मजकुरातूनच निघतो. हे लिहिताना मी नोटपॅडमध्ये 'आकुर्डी' एवढा एकच शब्द लिहून त्याचा हॅश काढला. मग शब्दापुढे एक पूर्णविराम दिला आणि पुन्हा काढला. दोन्ही ओळी शेजारी ठेवल्या तर त्यांचं एकमेकींशी काही नातं आहे असं वाटेना. एका टिंबानं सगळी ओळ बदलली. शंभर एमबीच्या सेटअपमध्ये कुणी एक अक्षर घुसवलं तरी हेच होणार.

घरी हॅश काढायचा तर सेव्हन-झिप हे फुकट सॉफ्टवेअर त्याच्या अधिकृत साइटवरून घ्या. मग फाइलवर राइट क्लिक केलं की यादीतच ती सोय दिसते. निघालेली ओळ अधिकृत पानावरच्या ओळीशी ताडून बघा. तीच ओळ व्हायरसटोटलच्या शोधाच्या चौकटीत चिकटवलीत, तर फाइल तिथे आधी येऊन गेली असल्यास तिचा निकाल समोर येतो आणि तुमच्या कंप्युटरवरून फाइल बाहेर जात नाही.

हॅशलाही मर्यादा आहे. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंट या प्रसिद्ध ऑपरेटिंग सिस्टमच्या वेबसाइटमध्ये चोर शिरले आणि डाउनलोडची लिंक त्यांनी आपल्या भेसळीच्या फाइलकडे वळवली. साइटच चोरांच्या हातात असेल, तर ते पानावरची हॅशची ओळही बदलू शकतात. माल आणि सर्टिफिकेट एकाच टेम्पोतून आले, तर एकानं दुसऱ्याची साक्ष देण्याला काय अर्थ? म्हणून डिजिटल सही बघायची. सेटअप फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, तिथे डिजिटल सिग्नेचर्स असं पान आहे का ते पाहा. त्यावर बनवणाऱ्या कंपनीचं नाव हवं आणि सही वैध असल्याची नोंद हवी. तुमच्या फाँटच्या फाइलला ते पानच नसेल, असा माझा अंदाज आहे.

आणि तरीही शंभर टक्के खात्री मिळत नाही, हे तुम्हाला प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. २७ जून २०१७ ला न्हावा शेवाच्या जेएनपीटी बंदरात मर्स्क या जहाज वाहतूक समूहाच्या कंपनीकडे असलेलं टर्मिनल ठप्प झालं आणि बाहेर कंटेनरांची रीघ लागली. चाकणचा निर्यातीचा माल ज्या वाटेनं जातो, तीच ही वाट. कारण काय, तर युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा अपडेट सर्व्हर चोरांनी ताब्यात घेतला होता. गिऱ्हाइकांनी नेहमीसारखा अपडेट घेतला आणि त्यातून नॉटपेट्या नावाचा व्हायरस आत येऊन मर्स्कपर्यंत पोचला. त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, जवळजवळ चार आठवडे, सीक्लीनर या सफाईच्या लोकप्रिय सॉफ्टवेअरची ५.३३ ही आवृत्ती अधिकृत साइटवरून, कंपनीच्या खऱ्या सहीनिशी आणि पोटात भेसळ घेऊन सुमारे २२ लाख ७० हजार कंप्युटरांवर गेली. इथे गिऱ्हाइकाचं काहीच चुकलं नव्हतं. व्हेंडरच्या कारखान्यातच भेसळ झाली होती. असं क्वचित घडतं, पण घडतं. म्हणून महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर हवी, आणि ती डिस्क काम नसताना कंप्युटरपासून सुटी हवी.

तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट विंडोजच्या आत दडलेली आहे. ब्राउझरमधून उतरवलेल्या फाइलला विंडोज एक अदृश्य चिठ्ठी लावतं, की हा माल बाहेरून आलाय. तुमच्या होल्डच्या टॅगसारखीच ही. तिच्यामुळेच उघडताना 'ही फाइल अनोळखी आहे' अशी सूचना येते आणि वर्डच्या फाइलमधले मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, अडवले जातात. पण बहुतेक पेन ड्राइव्ह ज्या पद्धतीनं फॉरमॅट केलेले असतात, त्यांत ही चिठ्ठी टिकत नाही. शेजारच्या मुलानं फाइल आपल्याकडे उतरवून पेन ड्राइव्हनं तुम्हाला दिली, तर टॅग वाटेतच गळून पडतो आणि तुमचं विंडोज तिला घरचीच समजतं. ओळखीच्या माणसानं दिली म्हणून जी फाइल आपण बिनधास्त उघडतो, तीच अशी टॅगशिवाय आलेली असते.

गेज तपासायला मास्टर लागतो, तसा अँटिव्हायरस तपासायलाही मास्टर आहे. आयकार या युरोपातल्या संस्थेनं ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी चाचणी फाइल ठरवून दिली आहे. सगळ्या अँटिव्हायरसांनी तिला बघून ओरडायचं, असा संकेत आहे. ती आयकारच्या साइटवरून उतरवून बघा. तुमचा अँटिव्हायरस गप्प राहिला, तर तो बंद आहे किंवा बिघडलाय. एक मात्र करा, हा प्रयोग कुणाच्या ऑफिसच्या कंप्युटरवर करू नका. तिथल्या आयटीवाल्यांची विनाकारण धावपळ होईल.

विंडोजमध्ये डिफेंडर हा अँटिव्हायरस आधीपासून असतोच आणि घरगुती कामाला तो पुरतो. दुसरा बसवला की डिफेंडर बाजूला होतो. दोन-तीन अँटिव्हायरस एकत्र बसवण्यात शहाणपण नाही, ते एकमेकांच्या पायात पाय घालतात. तुमचं विंडोज १० असेल, तर त्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, त्याकडे आधी बघा.

आता तुमच्या फाइलचा निकाल. मी ती रिजेक्ट करतो, आणि त्याचं कारण ते तिघं नाहीत. फाँटची फाइल टीटीएफ किंवा ओटीएफ प्रकारची असते. ती राइट क्लिक करून इन्स्टॉल होते, तिला वेगळा सेटअप लागत नाही. बेअरिंग मागवलं आणि बंद खोक्यातून मोटर लावलेलं यंत्र आलं, तर तुम्ही ते गेज लावण्याआधीच परत पाठवलं असतं. फाइलचा प्रकार दिसावा म्हणून फाइल एक्स्प्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शन्स ही खूण चालू करा. फाइलच्या नावामागची ही शेपटी, म्हणजे टीटीएफसारखी अक्षरं, विंडोज लपवून ठेवतं. मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' नावाचा व्हायरस जगभर पसरला, तेव्हा शेपटी लपलेली असल्यामुळे लोकांना ती साधी टीएक्सटी फाइल, म्हणजे पत्र वाटली होती. वळणदार फाँटच हवा असेल, तर गूगल फाँट्सवर मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या गटाचे 'मुक्त' आणि 'बलू' आहेत. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्राही आहे. सगळे युनिकोड आणि फुकट.

प्रश्न : आमच्या घरच्या कंप्युटरवर चोरण्यासारखं आहेच काय? मुलांचे फोटो आणि लाइट बिलं. आमच्यामागे कोण लागणार? (एक गृहिणी, प्राधिकरण)

उत्तर : ताई, तुमच्यामागे म्हणून कुणी लागत नाही. जाळं टाकलं जातं आणि सापडेल तो मासा ओढला जातो. फेब्रुवारी २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. माहितीला कुलूप लावून खंडणी मागण्यात आली, प्रकरण निगडी पोलिसांत गेलं आणि नुकसान ५ कोटींच्या घरात सांगितलं गेलं. तसंच कुलूप मुलांच्या फोटोंनाही लागू शकतं. बारशापासूनचे फोटो गेले, तर त्यांची किंमत तुम्ही कशात मोजाल?

घरांमध्ये जास्त आढळतात ते पासवर्ड पळवणारे प्रोग्रॅम. ब्राउझरमध्ये जतन केलेले पासवर्ड आणि सुरू असलेली लॉगिन ते काही मिनिटांत उचलतात आणि पुढे काहीच करत नाहीत. कंप्युटर नेहमीसारखा चालतो, म्हणून शंकाही येत नाही. ते बहुतेकदा फुकटच्या गेममधून आणि क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून येतात. एखादी सेटअप फाइल 'आधी अँटिव्हायरस बंद करा' असं सांगत असेल, तर ती तिथेच डिलीट करा. तिथे तपासण्यासारखं काही उरलेलं नसतं.

अशी फाइल उघडून झालीच असेल, तर आधी नेट तोडा. दुसऱ्या स्वच्छ फोनवरून ईमेलचा आणि बँकेचा पासवर्ड बदला, आणि सगळीकडून लॉग आउट करण्याची सोय वापरा. नुसता पासवर्ड बदलला तर पळवलेलं लॉगिन चालूच राहू शकतं. मग डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवा. त्यात विंडोज सुरू होण्याआधी तपासणी होते आणि पंधरा मिनिटांत काम होतं. पैसे गेले असतील, तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. पहिल्या काही तासांत रक्कम वाटेतच गोठवता येण्याची आशा असते.

प्रश्न : माझं भोसरीत छोटं वर्कशॉप आहे. कोटेशनसाठी मेल येतात, सोबत ड्रॉइंगची झिप फाइल आणि मेलमध्येच तिचा पासवर्ड. अँटिव्हायरस तिला काही म्हणत नाही. उघडू का?

उत्तर : तिला तो काही म्हणूच शकत नाही. पासवर्डच्या झिपमधला मजकूर कुलूपबंद असतो, स्कॅनर बाहेरचं खोकं बघतो आणि पुढे जातो. चोर पासवर्ड लावतात तो याचसाठी. आणि किल्ली त्याच मेलमध्ये लिहिलेली असेल, तर गुप्ततेचा प्रश्नच उरत नाही, ते कुलूप फक्त स्कॅनरला चुकवायला लावलेलं आहे. गिऱ्हाइक ओळखीचं वाटत असेल, तर मेलमधल्या नंबरवर फोन करू नका. तुमच्या कपाटातल्या जुन्या पीओवर परचेसचा जो नंबर आहे, त्यावर करा आणि विचारा, असं ड्रॉइंग पाठवलंय का. त्यांनी हो म्हटलं, तर झिप उघडा, पण आतल्या फाइलींवर लगेच क्लिक करू नका, आधी प्रत्येकीची शेपटी वाचा आणि त्या स्कॅन करा. ड्रॉइंग पीडीएफ, डीडब्ल्यूजी किंवा स्टेप फाइलमध्ये येतं. ईएक्सई, जेएस किंवा एलएनके दिसली, तर परचेसवाल्यांना त्याच फोनवर सांगा, की तुमच्याकडचा मेल कुणाच्या तरी हातात गेलाय.